वैद्यकीय पूर्वनिर्देश आणि त्याची अंमलबजावणी : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात एक विचार

मनुष्य स्वतः बोलण्याच्या अवस्थेत राहिला नाही, तर त्याच्या देहावर कोणते उपचार करावेत व कोणते करू नयेत, हे त्याने शुद्धीवर असतानाच लिहून ठेवावे, या कल्पनेस इंग्रजीत ‘अॅडव्हान्स डायरेक्टिव्ह’ किंवा ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. मराठीत तिला अद्याप एक स्थिर नाव लाभलेले नाही. वृत्तपत्रांतून ‘इच्छामरण’, ‘दयामरण’, ‘वैद्यकीय इच्छापत्र’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि या सरमिसळीमुळे मूळ विषयाचे आकलनच बिघडते. ‘इच्छामरण’ हा शब्द उच्चारताच आपल्या मनात भीष्म उभे राहतात. परंतु शरपंजरी पडलेले भीष्म मृत्यू ओढवून घेत नाहीत, तर उत्तरायणापर्यंत तो लांबणीवर टाकतात. शिवाय ते अखेरपर्यंत बोलत असतात, किंबहुना संपूर्ण शांतिपर्व त्या बोलण्यावरच उभे आहे. ज्याच्यासाठी हा लेख कामास यावयाचा त्या माणसाची वाचा आणि शुद्ध दोन्ही गेलेली असतात. म्हणून प्रस्तुत लेखात ‘वैद्यकीय पूर्वनिर्देश’ किंवा नुसता ‘पूर्वनिर्देश’ हा शब्द योजिला आहे.

पूर्वनिर्देश म्हणजे प्रायोपवेशन नव्हे. १९६६ च्या फेब्रुवारीत स्वातंत्र्यवीर सावरकरांनी आणि १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी अन्न व औषध वर्ज्य करून देह ठेवला. या दोन्ही घटना महाराष्ट्राच्या स्मरणात आहेत, आणि या विषयावरील कोणत्याही चर्चेत त्या हटकून निघतात. तथापि तेथे जाणता मनुष्य आपल्या डोळ्यांदेखत आपला निर्णय स्वतः अमलात आणतो. पूर्वनिर्देशात निर्णय एकाचा आणि अंमल दुसऱ्यांचा असतो. या विषयातील सर्व अडचणी या एका भेदातून उत्पन्न होतात, असे आमचे मत आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही त्याची जवळच्या दोन दस्तऐवजांशी गल्लत होते. मृत्युपत्र हे ते करणाराच्या मृत्यूनंतर प्रभावी होते. पूर्वनिर्देश त्याच्या जिवंतपणीच प्रभावी होतो आणि मृत्यूबरोबर संपतो. मृत्युपत्राच्या पाकिटात तो ठेवणारे लोक आढळतात. ते पाकीट उघडले जाते तेराव्यानंतर! दुसरी गल्लत मुखत्यारपत्राची. मुलाच्या नावे सर्वाधिकार देणारे मुखत्यारपत्र केले म्हणजे रुग्णालयातील निर्णयही त्यात आले, अशी समजूत सुशिक्षितांतही आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ अन्वये मुखत्यार नेमणारा मनुष्य विकलमनस्क झाला की ते अधिकारच संपुष्टात येतात. ज्या घटकेस मुखत्याराची गरज पडावी, नेमक्या त्याच घटकेस ते पत्र निरुपयोगी होते. इंग्लंडने २००५ च्या कायद्याने ही उणीव भरून काढली. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही.

या प्रश्नाच्या भारतीय इतिहासात मुंबईचा वाटा मोठा आहे. मिनू मसानी यांनी १९८१ साली सन्मानाने मरण्याच्या हक्काचा पुरस्कार करणारी संस्था मुंबईत स्थापन केली. १९८५ साली प्रा. सदानंद वर्दे यांनी, असाध्य रुग्णाच्या इच्छेनुसार उपचार थांबविणाऱ्या डॉक्टरांस संरक्षण मिळावे अशा आशयाचे खासगी विधेयक महाराष्ट्र विधान परिषदेत मांडले. ते संमत झाले नाही. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. हा विचार सर्वोच्च न्यायालयात १९९६ साली ग्यान कौर खटल्यात टिकला नाही. मात्र जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क अंतर्भूत नाही असे सांगतानाच, सन्मानाने जगण्याच्या हक्कात नैसर्गिक मृत्यूची प्रक्रिया सुरू झाल्यानंतरचा सन्मानही येतो, असे त्या निकालात म्हटले होते. पुढील सर्व विवेचन या वाक्याच्या आधाराने वाढले.

यानंतर येते अरुणा शानबाग प्रकरण. के.ई.एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयात अत्याचार झाला, मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाला, आणि पुढील सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात अचेतनप्राय अवस्थेत राहिल्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी नामंजूर केला. परंतु उपचार काढून घेण्याच्या स्वरूपाचे, म्हणजे निष्क्रिय, दयामरण उच्च न्यायालयाच्या संमतीने शक्य आहे, असे तत्त्व मान्य केले. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला.

या निकालाची चर्चा बहुधा ‘दयामरण द्यावे की न द्यावे’ या अंगाने होते. आमच्या मते त्यातील खरी शिकवण वेगळी आहे. न्यायालयापुढे प्रत्यक्षात प्रश्न असा पडला की, अरुणाबाईंच्या वतीने बोलणार कोण? त्यांच्यावर पुस्तक लिहून त्यांचे दुःख जगापुढे आणणारी लेखिका, की वर्षानुवर्षे त्यांना भरविणाऱ्या, न्हाऊमाखू घालणाऱ्या परिचारिका? न्यायालयाने रुग्णालयाच्या सेवकवर्गास त्यांचे निकटचे हितचिंतक मानले, आणि तो सेवकवर्ग त्यांना जगविण्याच्या बाजूने होता. दोन्ही पक्षांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पंचविशीतील त्या तरुण परिचारिकेने स्वतः काय म्हटले असते, हे सांगणारा कागदाचा एक कपटाही कोणापाशी नव्हता. आणि तिने आपल्या वतीने बोलण्यास कोणास नेमले असते, हेही कोणास ठाऊक नव्हते. पहिली उणीव सर्वांच्या ध्यानात आली. दुसरीकडे तितकेसे लक्ष गेले नाही.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पूर्वनिर्देशास मान्यता दिली आणि संसद कायदा करीपर्यंत पाळावयाची कार्यपद्धती घालून दिली. ती इतकी काटेकोर होती की, तिचा उपयोग होणे दुरापास्त झाले. दस्तऐवजावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी. प्रत जिल्हा न्यायालयाच्या कार्यालयात हवी. वीस वर्षे अनुभव असलेल्या तज्ज्ञांचे एक मंडळ रुग्णालयाने नेमावे, दुसरे जिल्हाधिकाऱ्याने. आणि शेवटी दंडाधिकाऱ्याने रुग्णास समक्ष पाहून अनुज्ञा द्यावी. ज्यांनी महसूल कचेरीत साध्या वारस-नोंदीसाठी खेपा घातल्या आहेत, त्यांस या पद्धतीचे भवितव्य सांगण्याची गरज पडू नये.

अतिदक्षता विभागांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने या अडचणी पुन्हा न्यायालयापुढे मांडल्या, आणि २४ जानेवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कार्यपद्धती पुष्कळ सुलभ केली. आज तिचे स्वरूप असे आहे. सज्ञान व स्वस्थचित्त व्यक्तीने, कोणाच्याही दडपणाविना, कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार नाकारावयाचे अथवा थांबवावयाचे हे स्पष्ट लिहावे. आपल्या वतीने बोलणाऱ्या एका किंवा अधिक पालकांची अथवा निकटच्या नातलगांची नावे द्यावीत. दोन साक्षीदारांसमक्ष, शक्यतो ते त्रयस्थ असावेत, सही करावी. आणि नोटरीने किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने ती साक्षांकित करावी. एक प्रत नेमलेल्या व्यक्तीस, एक कुटुंबाच्या डॉक्टरास, आणि एक स्थानिक संस्थेच्या, म्हणजे महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायत यांच्या सक्षम अधिकाऱ्यास द्यावयाची. हा अधिकारी त्या दस्तऐवजाचा अभिरक्षक. लेख केव्हाही लेखी रद्द करता येतो किंवा बदलता येतो; एकाहून अधिक असल्यास शेवटचा ग्राह्य. मृत्युपत्रास नोटरी लागत नाही आणि येथे लागतो, हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

पुढचा टप्पा रुग्णशय्येपाशी. रुग्ण बरा होण्याची आशा उरली नाही आणि तो निर्णय घेण्यास असमर्थ आहे, असे आढळल्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने दस्तऐवजाचा खरेपणा अभिरक्षकाकडून किंवा डिजिटल आरोग्य-नोंदीवरून पडताळावा. मग उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन विषयतज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देईल. त्यानंतर दुय्यम मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नामनिर्देशित केलेला एक डॉक्टर व पहिल्या मंडळात नसलेले दोन तज्ज्ञ. दोहोंचे मत जुळले व नेमलेल्या व्यक्तींची संमती मिळाली की, दंडाधिकाऱ्यास केवळ कळवून निर्देश अमलात आणता येतो. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. अपघातात सापडलेल्या माणसास प्रथम वाचविण्याचा प्रयत्न करावयाचा की नाही, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. ‘असला कागद केला तर डॉक्टर हातच लावणार नाहीत’ ही भीती त्यामुळे निराधार ठरते.

आता आपल्या परिसराकडे वळू. ठाणे महानगरपालिका १९८२ साली आणि कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली. आजच्या ठाणे जिल्ह्यात या दोहोंखेरीज नवी मुंबई, मिरा-भाईंदर, भिवंडी-निजामपूर आणि उल्हासनगर अशा एकूण सहा महानगरपालिका आहेत. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर या नगरपरिषदा निराळ्या, आणि शहापूर-मुरबाडकडील ग्रामपंचायती त्याहून निराळ्या. न्यायालयाच्या निर्देशाप्रमाणे यांतील प्रत्येक संस्था आपापल्या हद्दीपुरती अभिरक्षक नेमणारी. आणि १८५३ साली ठाण्यापर्यंत व १८५४ साली कल्याणपर्यंत आगगाडी आल्यापासून या भागातील माणसाच्या आयुष्याचा नियमच असा आहे की, तो राहतो एका हद्दीत, कमावतो दुसरीत आणि दुखणे विकोपास गेले की त्यास नेतात तिसरीत. डोंबिवलीचा रुग्ण प्रथम जवळच्या खासगी रुग्णालयात किंवा पालिकेच्या शास्त्रीनगर रुग्णालयात, तेथून ठाण्यास अथवा कळव्यास, आणि तेथून शीवच्या किंवा परळच्या मोठ्या रुग्णालयात जातो. पूर्वनिर्देशाची प्रत मात्र कल्याणातील कपाटात असते.

उदाहरणादाखल एक कल्पित प्रसंग घेऊ. डोंबिवली पूर्वेस राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने सत्तराव्या वर्षी रीतसर पूर्वनिर्देश केला. कल्याणच्या नोटरीने तो साक्षांकित केला, पालिकेत प्रत दिली, पोच घेतली. नेमलेली व्यक्ती म्हणजे थोरला मुलगा, तो कॅनडात. धाकटी कन्या पुण्यास. तिला या कागदाची माहिती नाही, कारण ‘उगाच तिच्या जिवाला घोर’ असे आईस वाटले. चार वर्षांनी मेंदूत मोठा रक्तस्राव होऊन बाई मुंबईच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात दाखल झाल्या. रात्री धावत आलेली मुलगी डॉक्टरांना म्हणते, “तुम्ही काय लागेल ते करा, डॉक्टर, पण आईला वाचवा.” व्हेंटिलेटर लावला जातो, आणि त्या क्षणी ते योग्यच आहे. तीन आठवडे लोटतात. शुद्ध परत येण्याची आशा मावळते. आता काय? थोरल्या मुलास कागदाची आठवण होते, पण त्याची प्रत घरातील लोखंडी कपाटात आहे आणि किल्ली आईपाशीच असे. दूरध्वनीवरून तो सांगतो ते बहिणीस पटत नाही. तिच्या मनात शंका येते की, दादाला सुटका हवी आहे. रुग्णालयास कल्याणच्या अभिरक्षकाकडे विचारणा करावयाची तर दोन दिवस सुटीचे. या दोन दिवसांत कोणीही दोषी नाही. तरीही ज्या गोष्टीसाठी त्या माउलीने इतकी यातायात केली, नेमकी तीच घडत नाही.

या प्रसंगात कायद्याची एकही अट अपुरी राहिलेली नाही, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. दस्तऐवज निर्दोष आहे. तुटलेली आहे ती कागदापासून खाटेपर्यंतची वाट, आणि तितकीच घरातल्या घरातली वाट.

अभिरक्षकांची व्यवस्थाही आपोआप झाली नाही. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी स्वतःचा पूर्वनिर्देश करून पालिकेकडे दिला, आणि तो ठेवून घेण्याची यंत्रणाच नाही असे आढळल्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यानंतर २०२४ साली राज्याच्या स्थानिक संस्थांत मिळून ४१७ अभिरक्षक नेमल्याचे शासनातर्फे न्यायालयास सांगण्यात आले. शेजारच्या गोव्यात त्याच वर्षी ३१ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी आपला पूर्वनिर्देश नोंदवून त्या राज्यात पहिला पायंडा घातला. न्यायाधीशाने स्वतः करून दाखविलेल्या गोष्टीचा लोकांवर परिपत्रकापेक्षा अधिक परिणाम होतो, यात नवल नाही.

तथापि, अभिरक्षक नेमला म्हणजे काम संपले असे नव्हे. आपल्याकडे हद्दीच बदलत असतात. कल्याणलगतची २७ गावे १९८३ साली पालिकेत आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा समाविष्ट झाली. अशा गावच्या रहिवाशाचा तीस वर्षे टिकावयाचा कागद कोणत्या दप्तरात शोधावयाचा? दुसरी अडचण पदनामाची. निकालात ‘जिल्ह्याचा मुख्य वैद्यकीय अधिकारी’ असा शब्द आहे. महाराष्ट्रातील जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सक असतो, जिल्हा परिषदेचा जिल्हा आरोग्य अधिकारी असतो, आणि प्रत्येक महानगरपालिकेचा स्वतःचा वैद्यकीय आरोग्य अधिकारी असतो. यांपैकी दुय्यम मंडळासाठी डॉक्टर कोणी नेमावा, हे निकालाच्या वाक्यातून निघत नाही. ते शासनाच्या आदेशानेच ठरावे लागते, आणि प्रत्येक रुग्णालयास प्रसंग येण्यापूर्वी ते नाव ठाऊक असावे लागते. रुग्ण खाटेवर असताना पदनामाचा अर्थ लावीत बसणे कोणासच परवडणारे नाही.

येथे अमेरिकेचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल, कारण या कल्पनेचा जन्म तेथला. शिकागोचे वकील लुईस कुटनर यांनी १९६९ साली ती मांडली, १९७६ साली कॅलिफोर्नियाने पहिला कायदा केला, आणि १९९० च्या केंद्रीय कायद्याने रुग्णालयांनी प्रत्येक दाखल रुग्णास या हक्काची माहिती देणे बंधनकारक केले. एवढे झाल्यावरही १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, पाच रुग्णालयांतील ९,००० हून अधिक गंभीर रुग्णांवरील अभ्यासात निराशाजनक चित्र दिसले: रुग्णांच्या इच्छा डॉक्टरांपर्यंत पोचविण्याचा विशेष प्रयत्न करूनही प्रत्यक्ष उपचारांत फरक पडला नाही. २००४ साली फॅगरलिन आणि श्नायडर या अभ्यासकांनी तर ही कल्पना अयशस्वी झाल्याचेच जाहीर केले. त्यांचा मुख्य आक्षेप असा की, माणसास आपली भावी इच्छा आज नेमकी कळत नाही, कळली तरी शब्दांत मांडता येत नाही, आणि मांडली तरी ती योग्य वेळी योग्य हाती पडत नाही.

याच देशात विस्कॉन्सिन राज्यातील ला क्रॉस या लहान शहराची कथा मात्र निराळी आहे. तेथील रुग्णालयांनी १९९१ पासून एकत्र येऊन प्रशिक्षित माणसांकरवी वृद्ध आणि त्यांचे कुटुंबीय यांच्याशी या विषयावर बैठका घेण्याचा परिपाठ ठेवला आणि सर्व रुग्णालयांत कागद ठेवण्याची जागा एकच केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मृत झालेल्या ५४० व्यक्तींपैकी सुमारे ८५ टक्के व्यक्तींचा लेखी निर्देश होता, आणि असे बहुतेक सर्व निर्देश रुग्णाच्या दप्तरात जागच्या जागी सापडले. फॅगरलिन-श्नायडर यांच्या तीन आक्षेपांपैकी तिसऱ्याचे उत्तर ला क्रॉसने दिले. पहिल्या दोहोंचे उत्तर कागदात नाही, संभाषणात आहे.

यावरून एक निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. पूर्वनिर्देशाचे मर्म त्यातील उपचारांच्या यादीत नसून नेमलेल्या माणसात आहे. यादी आवश्यक आहेच. ती संदिग्ध असल्यास मंडळास ती बाजूस ठेवण्याची मुभा आहे. ‘मला यंत्रावर ठेवू नये’ हे वाक्य आपल्याकडे फार लोकप्रिय आहे आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. न्यूमोनियासाठी चार दिवस लावलेला व्हेंटिलेटर आणि मेंदू निकामी झाल्यावर महिनोन्‌महिने चालविलेला व्हेंटिलेटर हे यंत्र एक, पण उपचार दोन आहेत. डायलिसिस, नाकातील नळीने अन्न, हृदय थांबल्यास छाती दाबून ते सुरू करणे, पुनःपुन्हा अतिदक्षता विभागात नेणे, या प्रत्येकाविषयी ‘बरे होण्याची वाजवी आशा असेपर्यंत करावे, ती संपल्यावर थांबवावे’ अशी अवस्थेशी जोडलेली भाषा हवी. अन्ननळीचा प्रश्न विशेष नाजूक आहे. आपल्याकडे अन्न हे औषध नसून माया आहे, आणि ‘आईला उपाशी ठेवली’ हा बोल आयुष्यभर कोणी सोसू शकत नाही. म्हणून याविषयी स्वतः लिहून ठेवणे हे मुलांवर उपकार करण्यासारखे आहे.

परंतु कोणतीही यादी पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रसंगास पुरणार नाही. पुरतो तो माणूस, ज्याच्याशी आपण बोललो आहोत. तो जवळ राहणारा असावा. एकाऐवजी दोघे असल्यास उत्तम, आणि दोघांत मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा हेही लिहावे. तो थोरला मुलगाच असला पाहिजे असे नाही. भाची, शेजारी राहणारी बहीण, धाकटी सून, जिच्या हातून रोजचे पथ्यपाणी होते ती व्यक्ती पुष्कळदा अधिक योग्य ठरते. मात्र ती ‘निकटची’ आहे हे लेखात स्पष्ट करावे. अरुणाबाईंच्या प्रकरणाकडे या दृष्टीने पाहिले की, रक्ताचे नाते आणि सेवेचे नाते यांतील ताण नवा नाही हे दिसते. आणि ज्यांस नेमले नाही त्या मुलांनाही कळवावे. कानावर घालणे हे काम अप्रिय आहे खरे. दिवाळीच्या फराळापुढे हा विषय काढणारा मनुष्य घरात लोकप्रिय होत नाही.

पूर्वनिर्देश नसला तर उपचार थांबविताच येत नाहीत, असे मात्र नाही. त्याही स्थितीत दोन्ही मंडळे व कुटुंबीयांची लेखी संमती या मार्गाने निर्णय होऊ शकतो. फरक एवढाच की, मग तो भार सर्वस्वी नातलगांच्या शिरावर येतो. डॉक्टर समजावून सांगतात, आणि कोणीतरी विचारतो, “डॉक्टर, तुमचे वडील असते तर तुम्ही काय केलं असतं?” हा प्रश्न वैद्यकीय नाही, आपल्यावरील ओझे क्षणभर दुसऱ्याने धरावे एवढीच त्यात याचना असते.

मनोविकारांच्या क्षेत्रात पूर्वनिर्देशास संसदेच्या कायद्याचे पाठबळ आहे, ही गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांच्याही नजरेतून निसटते. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या पाचव्या कलमाने प्रत्येक सज्ञान व्यक्तीस, मानसिक आजारात आपल्यावर कसे उपचार करावेत, कसे करू नयेत आणि आपला प्रतिनिधी कोण, हे लिहून ठेवता येते. तातडीच्या उपचारांस तो लागू नाही, आणि त्यात बदल करण्याचा अधिकार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळास आहे. राज्याच्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक, १९०१ साली सुरू झालेले, ठाण्यातच आहे. त्यामुळे या प्रश्नाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांस क्षेत्र हाताशी आहे. येथे तात्त्विक गुंता अधिक आहे. असाध्य रुग्ण परत येऊन ‘मला हे नको होते’ असे म्हणत नाही, मनोरुग्ण म्हणतो. बरे असतानाच्या माणसाने आजारातल्या स्वतःस बांधून घ्यावे काय, याचे उत्तर अधिनियमाने पुनर्विलोकन मंडळावर सोपविले आहे, आणि ते योग्यच झाले.

एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. ज्या देशात अतिदक्षता विभागातील एका आठवड्याच्या बिलाने मध्यमवर्गीय कुटुंब कर्जात बुडते, तेथे ‘मला उपचार नकोत’ हे वाक्य कितपत स्वेच्छेचे? मुलांवर भार नको म्हणून वृद्ध माणसे पुष्कळ गोष्टी नाकारतात. पंखा लावणेही नाकारतात. हा आक्षेप खोटा नाही. मात्र त्याचे उत्तर पूर्वनिर्देश नाकारण्यात नसून, उपचार थांबविल्यावर काय द्यावयाचे हे निश्चित करण्यात आहे. यंत्र काढले म्हणजे रुग्णास सोडून दिले असे होता कामा नये. वेदना, धाप, घाबरेपणा यांवरील उपचार अखेरच्या श्वासापर्यंत चालले पाहिजेत. वांद्रे येथे १९८६ साली सुरू झालेल्या शांती अवेदना सदनाने हे काम आपल्या देशात प्रथम करून दाखविले, आणि २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन उपलब्ध होण्यातील कायदेशीर अडथळे कमी झाले. ज्या पूर्वनिर्देशात ‘हे करू नका’ यांच्या जोडीस ‘हे अवश्य करा’ असा परिच्छेद नाही, तो आम्ही अपुरा समजतो. वेदनाशमन हवे, शक्य झाल्यास घरी न्यावे, अमुक जवळ असावे, तुकोबांचे अभंग कानी पडावेत: असे काहीही त्यात लिहिता येते.

या विभागातील विद्यार्थ्यांस संशोधनाचा विषय हवा असल्यास तो येथे आहे, आणि त्यासाठी फार साधने लागत नाहीत. ठाणे जिल्ह्यातील सहा महानगरपालिका व दोन नगरपरिषदांच्या अभिरक्षकांकडे आजवर किती पूर्वनिर्देश जमा झाले. ते नोंदवहीत कोणत्या क्रमाने ठेवले आहेत. एखाद्या रुग्णालयाने त्यांपैकी एकही पडताळणीसाठी मागविला आहे काय, आणि मागविला असल्यास उत्तर जाण्यास किती तास लागले. सुटीच्या दिवशी तो दूरध्वनी कोण उचलतो. नावे गुप्त ठेवून एवढी माहिती माहितीच्या अधिकाराखाली मिळविता येईल. त्याच्याच जोडीला पूर्वनिर्देश केलेल्या पन्नास घरांत जाऊन एकच प्रश्न विचारावा: ज्यास नेमले आहे, त्याच्याशी याविषयी शेवटचे बोलणे केव्हा झाले?